रामलक्ष्मण : एक नाव, दोन माणसे

यंदा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे छापायची, असे आपल्या युवक शाखेने ठरवले आणि यादी तपासायला माझ्याकडे पाठवली. निवृत्त माणसाला कोणतेही काम द्यावे, तो नाही म्हणत नाही, हे या मुलांना पक्के ठाऊक आहे. यादीत सातव्या क्रमांकावर ‘हमसे बढ़कर कौन’ या चित्रपटातले गणपतीचे गाणे होते. हे गाणे ज्या मांडवात वाजत नाही असा सार्वजनिक गणपती गेल्या चाळीस वर्षांत मी तरी पाहिलेला नाही. मग तो आपल्या भिलाईतला असो, कोलकात्यातला असो की हैदराबादेतला. त्या गाण्यापुढे मुलांनी लिहिले होते, ‘संगीत : राम आणि लक्ष्मण’. मी लाल पेनाने ‘आणि’ खोडला.

“काका, जोडी आहे ना ती? शंकर-जयकिशनसारखी?” यादी घेऊन आलेली मुलगी म्हणाली.

“जोडी होती. हे गाणे आले तेव्हा नव्हती.”

“मग दुसऱ्याचे नाव कशाला लावायचे?”

प्रश्न साधा होता, पण मला त्या रात्री झोप लागेना. कारण हाच प्रश्न वीसएक वर्षांपूर्वी याच मंडळाच्या कार्यकारिणीपुढे वेगळ्या रूपात आला होता. तेव्हा मी सचिव होतो आणि मी दिलेले उत्तर बरोबर होते असे मला आज म्हणवत नाही. ती हकीकत पुढे येईलच. आधी रामलक्ष्मण.

मी मूळचा नागपूरचा, आणि रामलक्ष्मणही नागपूरचेच. त्यामुळे माझ्या लिहिण्यात थोडा पक्षपात दिसला तर वाचकांनी गोड मानून घ्यावा. विजय काशिनाथ पाटील यांचा जन्म १९४२ साली नागपुरात झाला. संगीताचे पहिले धडे घरातच, वडील आणि काका यांच्याकडून मिळाले. नशीब काढायला मुंबईला गेलेल्या अनेक वैदर्भीय मुलांपैकी ते एक. तिथे सुरेंद्र नावाच्या दुसऱ्या संगीतकाराशी त्यांची जोडी जमली आणि या जोडीवर दादा कोंडके यांची नजर गेली.

दादांच्या आधीच्या चित्रपटांची आठवण काढली की संगीतकार म्हणून राम कदम यांचे नाव येते. ‘सोंगाड्या’ (१९७१) त्यांचाच, आणि शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ही (१९७२) त्यांचाच. पुष्कळ लोक अजूनही रामलक्ष्मणमधले ‘राम’ म्हणजे राम कदम असे समजतात. मागे एका प्रश्नमंजूषेत आपल्याच मंडळात एका परीक्षकाने तसे ठासून सांगितले होते, आणि परीक्षकापुढे कोण बोलणार! पण तसे नाही. ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटासाठी दादांनी या दोन नव्या संगीतकारांना घेतले आणि त्यांचे बारसेही स्वतःच केले. सुरेंद्रचे नाव ठेवले राम, विजयचे लक्ष्मण. दादांना नाव ठेवण्याची कला किती अवगत होती हे त्यांचे चित्रपट पाहिलेल्यांना सांगायला नको. मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच बसलेले, एका दमात उच्चारले जाणारे, आणि मोठा कोण धाकटा कोण याचा वाद आधीच मिटवून टाकणारे असे हे नाव होते.

‘पांडू हवालदार’ची गाणी गाजली. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ हे पुढचे चित्रपट आले. हिंदीत राजश्री प्रॉडक्शन्सने ‘एजंट विनोद’साठी जोडीला करारबद्ध केले. आणि १९७६ साली, हा करार होतो न होतो तोच, राम अचानक गेले.

इथे क्षणभर थांबून त्या वेळच्या विजय पाटलांच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. वय चौतीस. मराठीत नुकतेच नाव झालेले. हिंदीत पहिला मोठा चित्रपट हातात. करार दोघांच्या नावाने झालेला. निर्मात्याला सांगायचे काय? ‘लक्ष्मण’ एवढेच नाव लावले तर जोडीची ओळख गेली. ‘विजय पाटील’ लावले तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. आणि दोन्ही नावे लावली तर लोक म्हणणार, गेलेल्या माणसाच्या नावावर काम करतो. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. ‘एजंट विनोद’ १९७७ साली पडद्यावर आला तो रामलक्ष्मण या नावानेच, आणि पुढे चार दशके तेच नाव राहिले. कॅसेटच्या वेष्टनावर ते कधी जोडून छापलेले दिसते, कधी तोडून. जोडून लिहिले की एक माणूस, तोडून लिहिले की दोन! मुलांच्या यादीतला तो ‘आणि’ मी खोडला तो यासाठी.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ‘तराना’ (१९७९), ‘हमसे बढ़कर कौन’ (१९८१). या दुसऱ्या चित्रपटातल्या गणपतीच्या गाण्यात आशाताई, भूपिंदर, शैलेंद्र सिंग यांच्याबरोबर महंमद रफींचा आवाज आहे. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी गेले, म्हणजे हे गाणे लोकांपर्यंत पोहोचले ते त्यांच्या पश्चात. दरवर्षी मांडवात ते लागले की माझ्या मनात येते, या गाण्यात एक गायक निघून गेलेला आहे आणि एक संगीतकारही निघून गेलेला आहे, फरक एवढाच की गायकाचा आवाज तरी ऐकू येतो.

मग १९८९ च्या अखेरीस ‘मैंने प्यार किया’ आला. त्याच्या कॅसेटने काय धुमाकूळ घातला होता ते आपल्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. सिव्हिक सेंटरमधल्या पानठेल्यापासून टाउनशिपच्या शेवटच्या क्वार्टरपर्यंत दुसरे काही वाजतच नव्हते. या चित्रपटासाठी रामलक्ष्मण यांना उत्कृष्ट संगीतकाराचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आणि १९९९ साली ‘हम साथ साथ हैं’ आले. महाराष्ट्र शासनाने २०१८ चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना दिला. २२ मे २०२१ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख कसा होता? ‘राम-लक्ष्मण जोडीतील लक्ष्मण यांचे निधन.’ जोडी मोडून पंचेचाळीस वर्षे झाली होती, तरी!

यावर काही जण म्हणतात, त्यांनी मित्राच्या नावाचा फायदा घेतला. मला हे पटत नाही, आणि त्याला साधे व्यवहारी कारण आहे. १९७६ साली हिंदीत या नावाची किंमत जवळपास काहीच नव्हती. नावाला जी किंमत आली ती नंतर एकट्याने केलेल्या कामामुळे आली, आणि तिच्यातला अर्धा वाटा त्यांनी आयुष्यभर गेलेल्या भागीदाराच्या खात्यात जमा केला. उलट स्वतःचे नाव मात्र घालवून बसले. आजही आपल्या भागात चार माणसांना विचारून पाहा, विजय पाटील कोण म्हणून. एक जण म्हणेल, आमच्या कॉलनीत राहतात. रामायणात भरताने सिंहासनावर पादुका ठेवून चौदा वर्षे राज्य चालवले, त्याचे आपण कौतुक करतो. इथे ते काम लक्ष्मणाने केले आणि तेही चौदा वर्षे नव्हे.

शंकर-जयकिशन यांची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे आणि म्हणूनच सांगण्यासारखी आहे. पृथ्वी थिएटरमध्ये शंकरसिंग रघुवंशी तबला वाजवत आणि जयकिशन पांचाळ हार्मोनियम. राम गांगुली यांचे हे दोघे सहायक. राज कपूरने ‘बरसात’ (१९४९) त्यांच्याकडे सोपवला आणि पुढची वीस वर्षे हे जोडनाव म्हणजे हिंदी चित्रपटसंगीतातले चलनी नाणे होते. कोणती चाल कोणी केली हे बाहेर सांगायचे नाही, हा दोघांमधला अलिखित करार. पुढे ‘संगम’च्या (१९६४) सुमारास तो जयकिशन यांच्या तोंडून मोडला गेला, असे सांगितले जाते. त्यानंतर दोघे एकत्र राहिले ते मुख्यतः श्रेयनामावलीत. चाली वेगळ्या, बैठका वेगळ्या, शारदाच्या आवाजावरून मतभेद. पण पडद्यावर नाव एकच, मधल्या छोट्या रेघेसकट.

१२ सप्टेंबर १९७१ रोजी जयकिशन गेले. शंकर त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे जगले (ते २६ एप्रिल १९८७ रोजी गेले) आणि या सर्व काळात त्यांच्या चित्रपटांवर नाव राहिले ‘शंकर-जयकिशन’ हेच. या जोडीला एकूण नऊ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. त्यांतला शेवटचा ‘बेईमान’ (१९७२) साठी. म्हणजे चित्रपट आला तेव्हा जयकिशन जाऊन काही महिने झाले होते. याच पुरस्कारावरून प्राण यांनी स्वतःला मिळालेला पुरस्कार नाकारला होता, कारण त्यांच्या मते संगीताचा मान ‘पाकीज़ा’च्या गुलाम महंमद यांना मिळायला हवा होता. गुलाम महंमदही तोपर्यंत हयात नव्हते. म्हणजे पुरस्काराच्या वादात एका बाजूला एक गेलेला संगीतकार आणि दुसऱ्या बाजूला अर्धी गेलेली जोडी!

पण शंकर यांना त्या नावाने काय दिले? राज कपूरने ‘बॉबी’ (१९७३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना दिला. ‘संन्यासी’ (१९७५) सोडला तर मोठे यश हाती लागले नाही. चांगली चाल निघाली की लोक म्हणत, ही जयकिशनची शिल्लक असणार. पडली की म्हणत, जयकिशन गेला ना, मग काय होणार. दुहेरी नावाखाली एकट्याने काम करणाऱ्याला दोन्हीकडून मार. विजय पाटलांच्या वाट्याला हे आले नाही याचे कारण एवढेच, की हिंदीच्या श्रोत्यांनी त्यांचा ‘राम’ कधी ऐकलाच नव्हता. तुलना करायची कोणाशी?

तिसरी एक जोडी आहे, फार थोड्यांना माहीत असलेली. १९४८ च्या ‘हीर रांझा’ला संगीत होते शर्माजी-वर्माजी यांचे. नावावरून कोणालाही वाटेल, दोन उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण-कायस्थ. प्रत्यक्षात यांतले वर्माजी म्हणजे रहमान वर्मा, आणि शर्माजी म्हणजे महंमद ज़हूर खय्याम हाश्मी! फाळणीनंतर रहमान पाकिस्तानात गेले. खय्याम इथेच राहिले. त्यांनी जोडनाव ठेवले नाही, नुसते ‘शर्माजी’ म्हणून काम केले आणि ‘फूटपाथ’पासून (१९५३) आपले खरे नाव लावले. त्या नावाने पुढे ‘कभी कभी’, ‘उमराव जान’ काय झाले ते मी सांगायला नको. म्हणजे भागीदार गेल्यावर तीन माणसांनी तीन गोष्टी केल्या. एकाने मोठे झालेले नाव धरून ठेवले, एकाने लहानच असलेले नाव मोठे केले, आणि एकाने टोपणनाव उतरवून खुंटीला टांगले.

एकच नाव दोघांनी वाटून घेण्याची ही तऱ्हा चित्रपटातली. त्याच्या आधीची तऱ्हा वेगळी होती. तिथे एकाच नावाची अनेक माणसे एकाच वेळी मैफली करत, आणि ओळख पटवण्याची पद्धत लोकांनीच काढलेली असे. कोलकात्याच्या गौहरजानच्या आईचे नाव मलकाजान. पण त्या काळी मलकाजान नावाच्या नामवंत गायिका एकूण चार होत्या. म्हणून ही झाली ‘बडी मलकाजान’, दुसरी ‘आगऱ्याची’, तिसरी ‘मुल्क पुखराजवाली’, चौथी ‘चुलबुली’. पुढे जोहराबाई आग्रेवाली (१९१३ साली गेल्या) आणि ‘रतन’ चित्रपटातल्या जोहराबाई अंबालेवाली, या दोघींत पुष्कळांचा गोंधळ होतो, तरी गावाच्या नावाने निभावून गेले. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोनचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गौहरजान गाणे संपले की इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत असे. आपल्याला ते ऐकून गंमत वाटते, पण त्यामागे कारखान्याची अडचण होती. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळायचे कसे? तिने स्वतःच्या आवाजात नाव कोरून ठेवले. मला विचाराल तर नावावरचा हक्क सांगण्याचा इतका पक्का मार्ग पुन्हा कोणाला सापडला नाही.

आपल्याकडे गंधर्वांचे तेच. नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व, सौदागर गोरे छोटा गंधर्व, आणि शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट. आजच्या काळात कोणी कोणाच्या नावापुढे असे ‘सव्वापट’ लावले असते तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली असती. पण तेव्हा ही नावे रसिकांनी आणि थोरामोठ्यांनी दिलेली होती, स्वतः घेतलेली नव्हती. दिलेल्या नावावर मालकी कोण सांगणार?

आता मालकीचाच विषय निघाला आहे तर कायद्याचे दोन शब्द. माझी नोकरी लोखंडात गेली, काळ्या कोटात नव्हे, तरी हे मी मुद्दाम वाचून काढले. चालीवरचा हक्क आणि नावावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालीवर हक्क देतो तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. दोघांनी मिळून, कोणाचा वाटा कोणता हे वेगळे काढता येणार नाही अशी रचना केली असेल, तर ही साठ वर्षे मोजायची ती दोघांपैकी शेवटी जाणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून. शिवाय तबकडीवर ज्याचे नाव छापलेले असेल तोच कर्ता, असे कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करायचे तर ते दुसऱ्याने करावे.

हिशेब करून पाहू. शंकर-जयकिशन यांच्या नावावरची चाल संयुक्त धरली तर तिच्यावरचा हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत. तीच चाल एकट्या जयकिशनची असे कोणी सिद्ध केले तर २०३१ लाच संपला. तेव्हा कोणी काय केले ते बाहेर सांगायचे नाही या त्या दोघांच्या अलिखित कराराची किंमत सोळा वर्षांची आहे! त्यांच्या मनात हे असण्याचे काहीच कारण नव्हते. शिवाय त्या काळी चित्रपटातल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच असे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तेच सांगितले. संगीतकार आणि गीतकारांना कोणी हिरावून घेऊ शकणार नाही असा रॉयल्टीचा वाटा मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. ती रॉयल्टी वारसांनाही मिळते. म्हणूनच जोडीत राम कोण आणि लक्ष्मण कोण हा प्रश्न नुसता प्रश्नमंजूषेचा राहत नाही, कोणाच्या तरी घरच्या महिन्याच्या खर्चाचा होतो.

नावाचे तसे नाही. नावाला कॉपीराइट नसतो. नाव राखायचे ते व्यापारचिन्ह म्हणून. पण १९५८ चा जुना कायदा वस्तूंपुरताच होता, साबण, विडी, पंखा वगैरे. कार्यक्रम करणे किंवा संगीत देणे ही ‘सेवा’, आणि सेवेच्या नावाची नोंदणी आपल्या देशात सुरू झाली ती १९९९ चा नवा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आल्यावर. म्हणजे १९७१ साली शंकर यांना किंवा १९७६ साली विजय पाटलांना संगीतकार म्हणून आपले जोडनाव नोंदवायचे म्हटले असते तरी तसा रकानाच कार्यालयात नव्हता. सगळे विश्वासावर. नव्या कायद्यात एक चांगले कलम आहे, चौदावे. एखाद्या हयात माणसाशी, किंवा अर्जाच्या आधीच्या वीस वर्षांत वारलेल्या माणसाशी संबंध सुचवणारे नाव नोंदवायचे असेल तर निबंधक त्या माणसाची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती मागू शकतो. अलीकडे तर २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या नावालाच नव्हे, आवाजालाही संरक्षण दिले, कारण आता यंत्र हुबेहूब त्याच्या आवाजात गाऊ लागले आहे. गौहरजानची युक्तीसुद्धा आता पुरणार नाही.

ते चौदावे कलम मला २००६ साली माहीत असायला हवे होते.

जुन्या सभासदांना आठवत असेल, १९८२ च्या सुमारास आपल्या प्लांटमधल्या दोघांनी एक वाद्यवृंद काढला होता. एक आपले मराठी, अमरावतीकडचे, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दुसरे बंगाली, तबला आणि बोंगो. शिफ्ट संपवून, जेवणाचा डबा तसाच सायकलला लटकवून, दोघे तालमीला येत. दोघांच्या नावांची जोडी हेच वाद्यवृंदाचे नाव. दोन्ही घरची माणसे अजून दुर्ग-भिलाईत आहेत म्हणून ते नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

१९९१ च्या पावसाळ्यात दादा हृदयविकाराने गेले. वय शेहेचाळीस. आमच्या बंगाली मित्राने वाद्यवृंद चालू ठेवला, नावही तेच ठेवले. दरवर्षी गणपतीत पाचव्या दिवशी तोच निळा कापडी फलक लागायचा. पुढच्या रांगेत वहिनी बसायच्या. हे पंधरा वर्षे चालले.

२००६ साली मंडळाकडे एकाच नावाचे दोन अर्ज आले. एक दादांच्या मुलाचा. तो तोवर मोठा झाला होता, की-बोर्ड उत्तम वाजवत होता, त्याने मित्रांना घेऊन आपला संच उभा केला होता आणि त्याला वडिलांचे नाव हवे होते. दुसरा आमच्या बंगाली मित्राच्या शिष्यांचा. ते स्वतः निवृत्त झाले होते, हाताला कंप सुटला होता, संच शिष्य चालवत होते. दोन्ही अर्जांत पाचवा दिवस मागितलेला. कार्यकारिणीत दोन तट पडले. ‘बापाचे नाव मुलाला नाही तर कोणाला?’ हा एक पक्ष. ‘बाप गेल्यावर नाव जगवले कोणी?’ हा दुसरा. आवाज चढले. मराठी-बंगाली असाही एक वास त्या चर्चेला येऊ लागला होता, आणि मी घाबरलो ते त्याला.

मी सचिव या नात्याने तोडगा काढला. ते नाव यापुढे मंडळाच्या मंचावर कोणीच लावायचे नाही. दोन्ही संचांनी अर्धा-अर्धा तास वाजवावे, पत्रिकेत ‘मंडळाचा वाद्यवृंद’ एवढेच छापले जाईल. ठराव एकमताने मंजूर झाला. मला तेव्हा स्वतःचे फार कौतुक वाटले होते.

दोन दिवसांनी आमचे बंगाली मित्र घरी आले. हातात घडी केलेला तो निळा फलक. चहा घेतला नाही. मोडक्या मराठीत म्हणाले, “भाऊ, यात माझं नाव नंतर आहे. पंधरा वर्षं मी ते पुढे नाही केलं.” आणि फलक टेबलावर ठेवून गेले. त्यानंतर ते मांडवात आले नाहीत. दोन वर्षांनी आसनसोलला मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले.

वहिनींनी मला पुढे कधीतरी सांगितले की दर कार्यक्रमानंतर त्यांच्याकडे एक पाकीट यायचे. मानधनाचा बरोबर अर्धा हिस्सा. १९९१ पासून एकदाही चुकले नाही. मुलाला त्यांनी हे सांगितले नव्हते, कारण देणाऱ्याने तसे बजावले होते. कार्यकारिणीच्या त्या बैठकीआधी वहिनींना एकदा विचारावे असे आमच्या कोणाच्याच डोक्यात आले नाही. कायद्याने ज्यांची लेखी संमती मागायची असते, त्या याच.

असो. यादी तपासून मी परत दिली आहे. सातव्या क्रमांकापुढे आता ‘संगीत : रामलक्ष्मण (विजय पाटील)’ असे छापले जाईल. कंसासाठी मुलांनी जास्तीची जागा काढून दिली. तो निळा फलक मंडळाच्या ट्रंकेत आहे, समयांच्या खोक्याखाली. यादीवाल्या मुलीला मी तो परवा उघडून दाखवला. रंग उडाला आहे, पण दोन्ही नावे वाचता येतात. तिने विचारले, यातले दादा कोण आणि तबलेवाले कोण. मी सांगितले. मग तिने फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि यंदा पाचव्या दिवशी तो मंचाच्या बाजूला लावता येईल का, असे विचारले. मी म्हटले, दादांचा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे, रुआबांध्यात राहतो, आणि तबलेवाल्या शिष्यांपैकी दोघे अजून सेक्टर सहामध्ये आहेत. आधी त्या दोन्ही घरी जाऊन ये.